डब्यात कोंडलेला आवाज

बसस्थानकावर सगळे त्याला भोंगा म्हणत. अठ्ठावीस वर्षं त्याने माइकसमोर बसून गाड्या सोडल्या. एकदा चुकून त्याने सात नंबरची गाडी नऊवर लागेल असं सांगितलं, तर ड्रायव्हरने सातवर उभी असलेली गाडी मुकाट्याने नऊवर नेली. त्या आवाजाशी वाद घालायची कुणाची छाती नव्हती. बोलण्याआधी माइकवर बोटाने टकटक करायची, जरा थांबायचं आणि मग आणखी एक टक, ही त्याची सवय. जेवायला बसला की ताटावरही तेच.

"जेवतोयस की गाडी सोडतोयस?" ताई विचारी.

ताई म्हणजे मोठी बहीण. बारा वर्षांनी मोठी. आई गेल्यावर तिनेच त्याला वाढवलं आणि आता तो तिला सांभाळत होता, निदान त्याचा तसा समज होता. ताईला उजेड आणि सावली एवढंच दिसे. उरलेलं जग ती हातांनी चाचपून आणि भोंग्याच्या आवाजाच्या आधाराने चालवी.

तोच आवाज काढून टाकावा लागेल, असं डॉक्टर म्हणाले. गाठ स्वरयंत्रावरच बसली होती. ताईला हे कसं सांगायचं, या विचाराने भोंगा दोन बस थांबे पुढे जाऊन परत चालत आला आणि शेवटी म्हणाला, "किरकोळ गाठ आहे. पहिले पाच दिवस बोलू देणार नाहीत. मग रोज सकाळी आठला फोन करीन."

"नाही आला तर मी निघून येईन."

ताई निघून येईन म्हणाली की निघूनच येई. घरासमोर चौपदरी रस्ता होता.

स्थानकावरच्या मोबाईलवाल्याने उपाय काढला. भोंग्याचा काच तडकलेला जुना फोन त्याने दोन संध्याकाळी उसवला, आतला सगळा पसारा पुसला आणि म्हणाला, "काका, हा आता फोन राहिला नाही, सर्व्हर झाला. घरी खिडकीत ठेवा, चार्जर लावून, वायफायवर. तुमची वाक्यं याच्या पोटात. दवाखान्यातून नव्या फोनवर हे पान उघडायचं, हवे ते तुकडे निवडायचे, हा ते जोडून बोलणार. चावी फक्त तुमच्याकडे."

पुढचे तीन आठवडे भोंगा दोन गाड्यांच्या मधल्या वेळात केबिनमध्ये बसून स्वतःला साठवत होता. अकराशे चाळीस तुकडे भरले. फक्त अठ्ठावीस वर्षांची सवय जाईना. "ताई, जेवलीस का" हेसुद्धा त्याने असं म्हटलं, की जेवण फलाट क्रमांक चारवर लागलंय असं वाटावं. मागे हॉर्न होते ते वेगळेच. शिवाय स्थानकाच्या जुन्या घोषणाही त्याने आठवण म्हणून भरून टाकल्या.

शस्त्रक्रियेनंतर सहाव्या आणि सातव्या दिवशी सगळं बिनबोभाट पार पडलं. वॉर्डातल्या टेबलावरचा फोन लावायचा आणि त्याला आपला मोबाईल भिडवायचा. "ताई. मी. बरा आहे. जेवलीस का." ताई म्हणाली, "दवाखान्यात एवढे हॉर्न कसले रे?" आणि ठेवून दिला.

आठव्या दिवशी आठला पान उघडेना. चाक गरगर फिरत राहिलं. भोंग्याने मोबाईल बंद केला, चालू केला, खिडकीपाशी नेला, हात उंच करून धरला. चाक फिरतंच. मोबाईलवाल्याचा फोन बंद, कारण त्याचं दुकान दहाला उघडे आणि तोही तेव्हाच.

आठ वाजून दहा मिनिटांनी भोंग्याने घरचा नंबर लावला. लावल्यावर त्याच्या लक्षात आलं, की आपल्यापाशी बोलायला काही नाही. साधा श्वासही पलीकडे पोचत नव्हता, श्वास आता गळ्यातल्या भोकातून येत-जात होता.

"हॅलो? कोण? अहो बोला की. माझा भाऊ दवाखान्यात आहे, त्याच्या फोनची वाट बघतेय मी. लाइन अडवू नका."

फोन कट. त्याने पुन्हा लावला.

"लाज नाही वाटत? साडेआठपर्यंत थांबणार आहे मी, मग निघणार आहे. तुमच्यामुळे त्याचा फोन लागला नाही ना, तर बघा."

भोंग्याने उशाजवळची लिहायची पाटी ओढली. त्याने पाटीवर लिहिलं: सिस्टर, ताई निघतेय. दिसत नाही तिला. रस्ता आहे.

"मग मी सांगते ना सगळं खरं," सिस्टर म्हणाली.

त्याने जोरजोरात मान हलवली, टाके ओढले गेले तसा थांबला, आणि लिहिलं: खरं नको. बरा आहे एवढंच.

सिस्टरने फोन लावला. "आजी, तुमचे भाऊ अगदी बरे आहेत हं. झोपलेत."

"झोपलाय? आठला? अठ्ठावीस वर्षं पहाटेची गाडी सोडलीय त्यानं. उठवा त्याला."

"डॉक्टरांनी उठवू नका म्हणून..."

"बाई, गेला का तो? खरं सांगा. मी चप्पल घातलीय."

सिस्टरने असहायपणे भोंग्याकडे पाहिलं. भोंग्याने रिसीव्हर ओढून घेतला. तोंड उघडलं. ओठ हलले, जीभ हलली, आवाज म्हणून काही निघालं नाही. आणि बोलता येत नाही म्हणून असेल किंवा बोलायचंच आहे म्हणून असेल, त्याचं बोट आपसूक रिसीव्हरवर आपटलं. टकटक. जरा थांबून, टक.



"तू आहेस?"

टकटक. टक.

"मग बोलत का नाहीस?" ताईने विचारलं. "बोलता येत नाही? हो असेल तर दोनदा वाजव."

भोंग्याने डोळे मिटले आणि दोनदा वाजवलं.

"कायमचं?"

दोनदा.

"मग काल-परवा कोण बोललं माझ्याशी?" आणि मग तिचं तिलाच उमगलं. "तू जाताना खिडकीत ठेवलेल्या त्या फोनात होतास होय? म्हणून ते हॉर्न. अरे, सकाळी हात लागला तर तव्यासारखा तापलेला. म्हटलं फुटेल, घर जाळेल. वायर काढली आणि स्टीलच्या डब्यात घालून झाकण घट्ट लावलं. तुला कोंडला रे मी."

पलीकडे डबा सरकल्याचा, मग झाकण उघडल्याचा आवाज आला. भोंग्याच्या मोबाईलवरचं चाक थांबलं. पान उघडलं. अकराशे चाळीस तुकडे ओळीने उभे राहिले.

त्यातला एकही उपयोगाचा नव्हता. बरा आहे, काळजी करू नकोस, डॉक्टर खूश आहेत. सगळी भरती लपवण्यासाठी केलेली. उघड झाल्यावर काय बोलायचं, ते त्याने भरलंच नव्हतं. तो बोटाने खाली खाली जात राहिला, स्थानकाच्या जुन्या घोषणांपर्यंत पोचला आणि त्यातली एक त्याने दाबली.

"प्रवाशांच्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत," रिसीव्हरमध्ये भोंगा खणखणीत म्हणाला.

ताईने नाक ओढलं. "दिलगीर कसला होतोस मेल्या. जेवलास का?"

भोंग्याने शोधलं. 'जेवलीस का' सापडलं, तीन प्रकारांनी. 'जेवलो' कुठेच नव्हतं. नाकातल्या नळीतून पातळ दूध थेंबथेंब उतरत होतं. त्याने रिसीव्हरवर दोनदा वाजवलं.

"बरं," ताई म्हणाली. "काय जेवलास?"