लाल पिशवीचं वजन

नोटीस आली तेव्हा मला हॉस्पिटलात लागून पाच महिने झाले होते, आणि तोवर सरांशी मी एका दमात दोन वाक्यांपेक्षा जास्त बोलले नव्हते. तशी गरजही पडत नव्हती. मायक्रोबायॉलॉजी शिकलेली म्हणून मला क्वालिटीचं टेबल दिलं होतं. ते जिन्याखाली होतं, वॉटर कूलर आणि वजनकाटा यांच्या मध्ये. वॉर्डातली माणसं मला 'कागदवाल्या मॅडम' म्हणायची. मला ते नाव आवडायचं, पण मी तसं कुणाला सांगितलं नव्हतं.

रोज सकाळी वॉर्डातून कचऱ्याच्या पिशव्या खाली यायच्या. पिवळ्या पिशवीत रक्ता-पुवाची ड्रेसिंगं, ती जाळायला जायची. लाल पिशवीत प्लॅस्टिक: सलाईनच्या नळ्या, हातमोजे, सुई कापलेल्या सिरिंजा. सुया वेगळ्या, पांढऱ्या टणक डब्यात. मी प्रत्येक पिशवी तोलायची, बारकोड चिकटवायची आणि वजन वहीत लिहायची. अकराच्या सुमाराला कचरा नेणारी गाडी यायची. ते लोक आपल्या काट्यावर पुन्हा तोलायचे आणि पिशव्या घेऊन जायचे.

नोटीस प्रदूषण मंडळाची होती. तीस खाटांच्या आणि इतक्या पेशंटांच्या मानानं आपल्या लाल पिशवीचं वजन सतत कमी येतंय, प्लॅस्टिक कुठे जातं याचा पंधरा दिवसांत खुलासा करा. खुलासा पटला नाही तर परवानगीचं नूतनीकरण होणार नाही आणि कायदेशीर कारवाई होईल. परवानगी नाही म्हणजे हॉस्पिटल बंद. कचरा दारातून बाहेर गेला तरी जबाबदारी हॉस्पिटल चालवणाऱ्याचीच, हे मी वाचलेलं होतं. आता ते आमच्या नावानं, शिक्क्यासकट आलं होतं.

सर म्हणजे हॉस्पिटलचे मालक. सर्जन, आवाज असा की ऑपरेशन थिएटरमधून बोलले तरी पार्किंगमध्ये ऐकू यावं.

"कोण तरी भंगारात घालतंय," ते म्हणाले. "जो सापडंल त्याला त्याच दिवशी घरी. विषय संपला." मग माझ्याकडे बघून, "तू शोध."

मला भीती वाटायला हवी होती. पण मला झाला होता आनंद. शाळेपासून मी वर्गात मागच्या बाकावर बसून सगळ्यांकडे बघत आले होते आणि त्या बघण्याचा कुणाला काही उपयोग आहे असं आजवर वाटलं नव्हतं. त्या दुपारी मी डबासुद्धा उघडला नाही. तीन महिन्यांची वजनं चौकटीच्या कागदावर मांडली, एकेका दिवसाला एक ठिपका. मग ठिपके जोडत गेले. रेघ खालून खालून जात होती आणि दर सात दिवसांनी एकदा टुणकन वर उडी मारत होती. दर गुरुवारी.

भिंतीवरचा ड्युटीचा तक्ता बघायला मी उठले आणि बघितल्यावर पुन्हा बसले. गुरुवारी सुट्टी एकाच व्यक्तीची होती, सकाळच्या वॉर्डातल्या मावशीची.

मावशी म्हणजे हॉस्पिटलात माझ्याशी स्वतःहून बोलणारं एकमेव माणूस. हुपरीहून पहिल्या एसटीनं यायच्या, अठरा वर्षं. मला चहा आणून द्यायच्या आणि कप उचलताना टोमणा मारायच्या, "आज किती शबुद बोलला? सा? काल चारच हुते." त्या भंगारात काही विकतील हे मला पटेना. आणि सरांचं 'त्याच दिवशी घरी' डोक्यातून जाईना. मी तो कागद घडी करून पर्समध्ये ठेवला आणि दोन दिवस कुणाला काही बोलले नाही. नुसतं बघत राहिले.

मावशींचं काम नेटकं होतं. सिरिंज घ्यायच्या, कटरमध्ये सुई कापायच्या, सिरिंज औषधाच्या पाण्यात टाकायच्या. नियमात बसेल असंच सगळं. फक्त सकाळी आदल्या दिवसाच्या पाण्याची बादली उपसताना अर्ध्या सिरिंजा लाल पिशवीत जायच्या आणि अर्ध्या, धुऊन पुसून, त्यांच्या जेवणाच्या पिशवीत. लपवून नव्हे. माझ्यासमोर, गाणं गुणगुणत.

विचारायचं धाडस मला झालं नाही. मी म्हटलं, "मावशी, रविवारी तुमची ड्युटी संपल्यावर घरी येऊ?"

त्यांनी कपाळाला हात लावला. "आगं माज्या बाई! सूर्व्य कुनीकडं उगावला? ये की. जेवायलाच ये."

रविवारी दुपारी मी एसटीत खिडकीशी बसले, पर्समध्ये तो चौकटीचा कागद. मी घरी 'मैत्रिणीकडे जाते' असं सांगितलं होतं. उसाच्या ट्रॉल्यांमागे गाडी रांगत होती आणि मला वाटत होतं, ड्रायव्हरनं जरा दाबावं. एखाद्या कामासाठी मी इतकी घाईत कधीच नव्हते.

मावशींच्या घराची पुढची खोली म्हणजे कारखानाच होता. हुपरीत घरोघरी चांदीचं काम चालतं हे मला ऐकून माहीत होतं, पण बघितलं नव्हतं. पाच बायका मांडी घालून बसलेल्या, पुढ्यात ताटांत पैंजणं, प्रत्येक पैंजणावर बारीक बारीक फुलं. मावशींच्या थोरल्या जाऊबाई त्या फुलांत मीना भरत होत्या, म्हणजे रंग. निळा ठिपका, हिरवा ठिपका, मोहरीएवढा, एकही सांडलेला नाही. मी त्यांच्या हाताकडे बघितलं. हातात आमची सिरिंज होती.

"हिचं टोक बगा," जाऊबाईंनी मला कौतुकानं दाखवलं. "दुकानातली नवी सुई आनली तर रंग गुठळतोय, आनि आख्खी सुई लांब पडती. तुमच्या दवाखान्यात कशी आखूड कापलेली मिळती. थेंब कसा नेमका पडतोय की न्हाई?"

खरंच नेमका पडत होता. आमच्या कटरनं सुई कापली की बुडाशी तिचा दाण्याएवढा तुकडा उरतो. मला तो नेहमी खटकायचा आणि दरवेळी मी 'नंतर सांगू' म्हणून सोडून द्यायची. त्याच तुकड्यावर ही सगळी नक्षी उभी होती.

"बोटाला टोचत नाही?" मी विचारलं.

"टोचतंय की," शेजारची एक म्हणाली. "मीन्याला रगात लागलं तर पुसायचं, आनि काय."

सगळ्या हसल्या. मला हसू आलं नाही. मावशींना मी मागच्या अंगणात घेऊन गेले आणि पर्समधला कागद काढून दाखवला. गुरुवारच्या उड्या दाखवल्या, नोटिशीचं सांगितलं. त्या सिरिंजांतून कुणाचं रक्त गेलं असेल, त्यातून कावीळ लागू शकते, त्याहून वाईटही काही, हे सांगताना मी किती बोलत होते याचं मलाच नवल वाटलं.

मावशींचा चेहरा उतरला. "आवं पन धुतल्यात की! त्या औषदाच्या पान्यात घालूनशान. घान असतंय त्यो कचरा. ह्ये तर सोच्च हाय." मग हळू आवाजात, "विकत न्हाई हो मी. जाऊबाईची आन. फुकट देती. मला काडत्याल व्हय?"

"ट्रेनिंगमध्ये मी सांगितलं होतं ना मावशी?"

"तुमी पडद्यावर विंग्रजी दावलं. मला रंग तेवडे कळले. लाल, पिवळा. ते मी करतीच की."

ते अगदी खरं होतं. ट्रेनिंग मीच घेतलं होतं. इंटरनेटवरच्या इंग्रजी स्लाइड जशाच्या तशा दाखवल्या होत्या, कारण बघणाऱ्यांच्या नजरा माझ्याऐवजी पडद्यावर राहाव्यात असं मला वाटत होतं. शेवटी वहीत सगळ्यांच्या सह्या घेतल्या. मावशींची सही माझ्या डोळ्यांसमोर आली. नाव तिरकं, शेवटचं अक्षर चौकटीबाहेर गेलेलं.

सोमवारी सरांनी बोलावलं. खुलासा टाइप करून तयारच होता. आपला वजनकाटा बिघडला होता, नवीन घेतला आहे. "सही शिक्का करून पाठव," सर म्हणाले. "आणि कोण सापडलं का?"

मी म्हटलं, "काटा बिघडलेला नव्हता, सर."

"मला म्हाइताय गं. लिहायचं तसं."

इथे मी एरवी गप्प बसले असते. भीती होतीच, पण तिच्यापेक्षा बोलायची घाई जास्त होती. "सर, गाडीवालेही रोज तोलतात. बारकोड लावून ते वजन थेट मंडळाकडे जातं. आपलं वजन आणि त्यांचं वजन तीन महिने जुळतंय. दोन काटे एकाच वेळी, सारखेच बिघडले असं लिहायचं का?"

सरांनी चष्मा काढला. मग मी सगळं सांगितलं. हुपरी, मीना, कापलेल्या सुईचा तुकडा, टोचलेली बोटं. मावशींचं नाव सांगताना थांबले नाही, पण त्याच श्वासात पुढचंही बोलले. "त्यांना काढलं तर त्या घरातल्या सिरिंजा परत कोण आणेल? आणि मंडळ विचारेल, हिला शिकवलं होतं का? वहीत सही आहे. पण शिकवलं नव्हतं. ती चूक माझी आहे. काढायचं तर आधी मला."

"तुला बोलता येतं हे मला कुणी सांगितलं न्हवतं," सर म्हणाले. टाइप केलेला खुलासा त्यांनी बाजूला सारला. "त्या बायकांच्या रक्ताच्या तपासण्या आपल्याकडंच करून घे. आजच्या आज बोलाव. आणि खुलासा तू लिही. खरा. मंडळाचा माणूस येऊन बघंल, त्याचं समाधान झालं तर मावशी राहतील. न्हाई झालं तर मी काय करू शकत न्हाई."

खुलासा मी मराठीत लिहिला. नोटीस मराठीत होती आणि मावशींनाही तो वाचता यावा असं मला वाटत होतं. ऱ्हस्व-दीर्घासाठी तीनदा बाबांना विचारलं. मावशी दुसऱ्या दिवशी हातमोजे घालून घरातल्या सगळ्या सिरिंजा घेऊन आल्या, मी दिलेल्या टणक डब्यात. आम्ही त्या तोलल्या, बारकोड लावला, 'परत आणलेल्या' असं वेगळं लिहिलं. नवीन कटर आला, सुई बुडापासून काढणारा. पाचही जणींचे रिपोर्ट चांगले आले. तीन महिन्यांनी पुन्हा करायचे होते, पण त्या दिवशी मी रिपोर्ट घेऊन जिना धावत चढले.

ट्रेनिंग पुन्हा घेतलं. पडदा नाही. टेबलावर खऱ्या पिशव्या, खरी सिरिंज आणि मी. अर्धं बोलणं मावशींनीच केलं. "धुतलं म्हंजी सोच्च झालं न्हवं, बायांनो. मी ह्येच करत हुते. माझ्यावानी येडेपना करू नगा."

मंडळाचे अधिकारी आले ते सरांच्या केबिनमध्ये बसलेच नाहीत, सरळ वॉर्डात गेले. मावशींच्या पुढ्यात उभे राहून म्हणाले, "ही सिरिंज वापरून झाली. पुढं काय?"

मी दाराशी उभी.

"सुई हितं," मावशींनी कटर दाखवला. "शिरींज लाल पिशवीत. पिशवी खाली, त्या मॅडमकडं. आनि घरला काय बी न्यायचं न्हाई." मग स्वतःहूनच, "न्हेत हुते. म्हनून सांगती."

अधिकाऱ्यांनी वर बघितलं. मग माझा चौकटीचा कागद मागितला आणि गुरुवारच्या उड्यांवरून बोट फिरवत ते पहिल्यांदा हसले. परवानगीचं नूतनीकरण झालं. सोबत ताकीद आली, सहा महिने दर महिन्याला वजनं पाठवायची. मावशी राहिल्या.

आता लाल पिशवी रोजच गुरुवारसारखी भरते. वजन मी वाचायच्या आधी मावशीच काट्यावर वाकून मोठ्यानं वाचतात, पार्किंगपर्यंत ऐकू जाईल असं. हुपरीत मीना भरायला मेंदीची बारीक तोटीची बाटली वापरतात. मीच शोधून दिली. मावशींनी परवा नमुन्याचं एक पैंजण आणून माझ्या टेबलावर ठेवलं.

"बग, थेंब जाड पडतोय," त्या म्हणाल्या. "जाऊबाई तुला शिव्या घालत्यात."

थेंब खरंच जाड होता. मी पैंजण उजेडाकडे धरून, दुसरी कुठली तोटी चालेल याचा विचार करायला लागले.