टाकीपाशी सुटणारी लेस

हॉस्पिटलात एक्स-रे काढणं हे माझं काम. "मोठा श्वास घ्या, रोखा, सोडा," एवढंच दिवसभर बोलायचं. घरी गेल्यावर तेवढंही नाही. नवरा गेल्यापासून दोन खोल्यांत मी आणि फ्रीज. आम्हा दोघांत फ्रीजच जास्त बोलतो.

माणसासारखं बोलणं व्हायचं ते रविवारी सकाळी, टेकडीवर पळताना, लाँड्रीवालीशी. माझे ॲप्रन तिच्याकडेच असायचे. एकदा खिशात राहिलेला रुमालही तिनं इस्त्री करून परत दिला आणि म्हणाली, "बाई, कपडे झाले, पण तुमच्या चेहऱ्याला काय झालंय? रविवारी टेकडीवर या माझ्याबरोबर." चुरगळलेलं काही दिसलं की हात शिवशिवायचे तिचे. तेव्हापासून आम्ही जात होतो. दोघीही पन्नाशी ओलांडलेल्या, त्यामुळे पळणं म्हणजे आपलं लुटुलुटु.

तिची एक खोड होती. चढ सुरू झाला की पाण्याच्या टाकीपाशी तिची लेस सुटायची. पुढे मोडक्या बाकापाशी पुन्हा. मग ती खाली वाकून निवांत गाठ मारत बसायची आणि मी कमरेवर हात ठेवून खेकसायचे, "अगं, लोकांच्या कॉलरी ताठ करतेस, स्वतःच्या बुटाची गाठ मारता येत नाही तुला? तुझ्यापायी थांबायला लागतं मला!" ती हसायची. म्हणायची, "हो गं बाई, मी वेंधळीच." तिच्यामुळे मला नीट पळता येत नाही, असं मी कँटीनमध्येही सगळ्यांना ऐकवलं होतं.

गेल्या रविवारची गोष्ट. ती लाँड्री विकून मुलाकडे निघाली होती, दुसऱ्या गावी, कायमची. दोन दिवसांनी गाडी. तिथे तिला झोपायला हॉलमधला सोफा. मी ठरवूनच गेले होते, की तिला म्हणायचं, जाऊ नकोस, माझ्याकडे एक खोली रिकामी आहे. आरशासमोर म्हणूनही पाहिलं होतं. पहिल्यांदा रागावल्यासारखं निघालं, म्हणून परत म्हटलं.

पाऊस भुरभुरत होता. वाटेवर नुसता चिखल, पाय ठरत नव्हता. टाकीपाशी पोचेपर्यंत माझा ऊर धपापायला लागला. ती थांबली. "थांब गं, लेस सुटली," म्हणत खाली वाकली. मी सवयीनं तोंड उघडलं आणि तिच्या पायांकडे पाहिलं. मुलानं पाठवलेले नवे बूट होते. त्यांना वर नुसता चिकटणारा पट्टा होता. लेस नव्हतीच. ती तो पट्टा उघडत होती, लावत होती, पुन्हा उघडत होती. पावसाचं पाणी मानेवरून आत जात होतं, आणि बाईसाहेब माझ्या धापेकडे कान लावून बसल्या होत्या. धाप ओसरली तशी उठली. "चल," म्हणाली.

मी मेल्याहून मेल्यासारखी झाले. इतकी वर्षं ही बया माझ्यासाठी वाकत होती आणि वर माझीच बोलणी खात होती! बाकापाशी ती पुन्हा वाकली, तेव्हा मी दुसरीकडे बघत उभी राहिले.

माथ्यावर धुकं होतं. खालचं गाव दिसत नव्हतं.

"जाऊ नकोस," मी म्हटलं. "माझ्याकडे राहा. एक खोली रिकामीच आहे."

तिनं बाहीनं तोंड पुसलं. ओलं तोंड, ओली बाही, काय कप्पाळ पुसलं जाणार?

"त्यानं बोलावलंय गं," ती म्हणाली. "एवढ्या वर्षांत पहिल्यांदा."

"आणि मी?"

"तू कुठे बोलावलंस? तू तर सारखी ओरडायचीस माझ्यावर." ती हसत म्हणाली, पण ते हसू काही टिकलं नाही. "लाँड्री विकायच्या आधी म्हणाली असतीस ना, तर राहिलेही असते. आता पोराला हो म्हणून बसलेय."

उतरताना पाय घसरत होते, म्हणून तिनं माझा दंड धरला होता. खाली आल्यावर सोडला.

आज परत रविवार, परत पाऊस. एकटीच निघाले. घरी बसून फ्रीजचं किती ऐकायचं? टाकीपाशी दम पार संपला. डोळ्यांपुढे काजवे चमकले. मागून एक जोडपं पळत आलं आणि थबकलं.

"काकू, बरं वाटत नाहीये का?" त्यातल्या मुलीनं विचारलं.

"छे गं, मला काय धाड भरलीये? लेस सुटलीये, तुम्ही व्हा पुढे," म्हणत मी खाली वाकले.

गाठ चांगली घट्ट होती. मी ती ओढून सोडली, आणि धाप ओसरेपर्यंत हळूहळू पुन्हा बांधत राहिले.