गार्डकाकांची शिट्टी

स्टेशनबाहेरच्या टॅक्सी स्टँडवर सगळे त्यांना गार्डकाका म्हणत. रेल्वेशी त्यांचा काडीचाही संबंध नव्हता. पण गळ्यात शिट्टी असायची आणि ती वाजल्याशिवाय स्टँडवरचं एक चाक हलत नसे, म्हणून गार्ड.

एके काळी काकांची मीटरची टॅक्सी होती. 'आयुष्यात एकाही पॅसेंजरला नाही म्हटलं नाही,' ही त्यांची फुशारकी चहावाल्यालाही तोंडपाठ झाली होती. मग मीटर गेला आणि मोबाईलवरचं ॲप आलं. आता भाडं कंपनी ठरवायची, त्यातला चौथा हिस्सा स्वतः कापून घ्यायची, आणि उरलेल्यातून पेट्रोल, गाडीचा हप्ता नि घर. मालक म्हणवणाऱ्या माणसाच्या नाकी नऊ आले होते.

तेव्हा काकांनी ती युक्ती काढली. ॲपला गाड्या कमी दिसल्या की भाडं आपोआप चढतं, हे त्यांनी हेरलं होतं. त्या भागातल्या बहुतेक गाड्या याच स्टँडवरच्या. मग काय, गर्दी झाली की सगळ्यांनी फोन बंद करायचे. चहावाला आपल्या मोबाईलवर पॅसेंजर बनून भाडं बघत बसे आणि वाढलं की ओरडून सांगे. मग काका शिट्टी फुंकत, फोन सुरू होत, आणि जो तो चढं भाडं उचलून पळे. एकदा एका शहाण्याने ॲप बंद केल्याचं सांगून गुपचूप भाडं मारलं. तेव्हापासून काकांनी नियमच केला, की अख्खा फोन बंद करून बॉनेटवर पालथा ठेवायचा. कुणीतरी चिडवलं, की काका, तुमच्या त्या 'नाही म्हटलं नाही'चं काय झालं? काका शांतपणे म्हणाले, "मी कुठे नाही म्हणतो? मी फक्त दिसत नाही."

आता या माणसाला लबाड म्हणायचं तर म्हणा. पण घरी एकुलती एक मुलगी पहिलटकरीण होती, जावई कामासाठी परगावी, आणि दवाखान्याचा खर्च समोर दिसत होता. डॉक्टरांनी दिलेली तारीख अजून लांब होती. तरी काका रोज निघताना मुलीला बजावत, "नुसती एक रिंग दे, बाळा. गाडी दारात."

त्या दुपारी दोन रेल्वेगाड्या एकदम आल्या आणि स्टेशनबाहेर माणसांचा समुद्र झाला. फोन पालथे पडले. चहावाला ओरडला, दुप्पट झालं! सगळ्यांनी काकांकडे बघितलं. काकांनी शिट्टी हातात धरली, पण ओठांना लावली नाही. अजून थोडं थांबू, म्हणाले. दोघं तिघं कुरकुरले. काकांच्या डोक्यात दवाखान्याचं बिल होतं. आज तिप्पट घेतल्याशिवाय हलायचं नाही, असं ते ठरवून बसले.

तिप्पट झालं तशी शिट्टी वाजली. काकांनी फोन सुरू केला आणि ॲप उघडलं, तोच पहिलं भाडं आलं. आकडा बघून त्यांचा चेहरा उजळला. त्यांनी झटकन बोट दाबलं आणि मग पत्ता वाचला.

पत्ता त्यांच्याच इमारतीचा होता.

दुसऱ्या कुणाचं असेल, शेजाऱ्यांचं असेल, असं स्वतःला समजावत त्यांनी गाडी काढली. इतक्यात फोन थरथरू लागला. घरून येऊन गेलेल्या कॉलची रांग पडद्यावर उतरत होती. आयुष्य गाडीवर गेलेल्या त्या माणसाला त्या क्षणी गिअर सापडेना.

इमारतीच्या दारात बायको मुलीला सावरून धरून उभी होती. मुलीला उभंही राहवत नव्हतं. पांढऱ्या गाड्या सगळ्या सारख्याच, आणि नंबर बघायची शुद्ध कुणाला? मागचं दार उघडून मुलीला आत घालता घालता बायको म्हणाली, "दादा, मागाल ते देते, पण लवकर चला."

काकांनी मागे वळून बघितलं. बायको बघतच राहिली. रस्ताभर फक्त मुलगी कण्हत होती.

दवाखान्यात नर्स रागावली, की इतका वेळ का लावलात? बायको म्हणाली, "गाडीच मिळेना हो. एक गाडी दिसत नव्हती." शेजारी काका गाडीची किल्ली मुठीत घेऊन उभे होते. मुलीला तातडीने आत नेलं. बऱ्याच वेळाने डॉक्टर बाहेर आल्या. मुलगी वाचली होती. बाळ उशिरा रडलं होतं, त्याला काचेच्या पेटीत ठेवलं होतं, आणि पुढचं आत्ताच सांगता येत नाही, असं त्या म्हणाल्या. काका बाकावर बसले ते उठेचनात.

बायको शेजारणीचा फोन हातात धरून होती. गाडी त्याच्यावरूनच बोलावली होती. पडद्यावर अजून भाडं झळकत होतं.

"अहो, इतकं का झालं हे? एवढासा तर रस्ता."

"गाड्या कमी असल्या की वाढतं."

"आणि आज कमी का होत्या?"

काकांनी गळ्यातली शिट्टी काढली. ती बाकावर ठेवली.

"होत्या गं सगळ्या. मी थांबवल्या होत्या."