प्लास्टिकखालचा मायक्रोस्कोप

आमच्या पनवेलच्या कॉलेजात टेबलावर मावणारा इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप आला, तेव्हा सगळ्यात जास्त आनंद मला झाला होता. मी ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूंवर पीएचडी करत होते आणि त्यातले नॅनोकण बघायला दरवेळी नमुने घेऊन मुंबई गाठावी लागायची. पण विभागप्रमुखांनी हळदकुंकू वाहून, नारळ फोडून त्या मशीनवर प्लास्टिक घातलं ते घातलंच.

"मॅडम, तपासणी समिती येईपर्यंत कुणी हात लावायचा नाही. बिघडलं म्हणजे?"

मशीन आहे की दिवाणखान्यातला नवा सोफा? मी आपली मुंबईला खेटे घालत राहिले.

शेवटी समिती आली. बघते तर मशीनच्या वर, भिंतीवर, मी मुंबईहून काढून आणलेला नॅनोकणांचा फोटो फ्रेम करून लावलेला!

"हा आमच्याच मशीनवर काढलाय," सर हसत म्हणाले. "मॅडम, समजावून सांगा ना साहेबांना."

माझं डोकंच फिरलं. मी पुढे झाले आणि सगळ्यांसमोर प्लास्टिक खसकन ओढून काढलं. मशीनच्या प्लगवर कंपनीची पिशवी अजून रबरबँडने तशीच बांधलेली होती.