फणसाचं रोप

आमच्या पडवीतून गावची शाळा दिसते. तिथे येणारा प्रत्येक नवा शिक्षक गाडी लावतो ती तोंड रस्त्याकडे करून. बदली झाली की तशीच सरळ निघून जाते. मुलांनीही आताशा कुणाचा लळा लावून घेणं सोडलंय.

आज श्रावणातल्या कोवळ्या उन्हात नव्या मॅडम शाळेच्या आवारात खड्डा खणत होत्या. शेजारी फणसाचं रोप.

"पपई लावा हो, लवकर धरते," कुंपणापलीकडून काकी म्हणाल्या. "फणसाला वर्षानुवर्षं जातात."

"जाऊ देत. मला कुठे घाई आहे?"

कुठे किती रमायचं, हे माणूस झाड निवडतानाच ठरवत असेल का? मला उगाचच पिकल्या गऱ्यांचा वास आला.

काकी आत गेल्या आणि शेणखताची पाटी घेऊन आल्या.