वरच्या काकांचं वायफाय

आमच्या वरच्या मजल्यावरचे काका ओझरच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. इंटरनेटमधला कुठलाही शब्द ते नळावर आणून सोडतात. "बँडविड्थ म्हणजे पाइपाची जाडी. घरातल्या सगळ्यांनी नळ उघडले की धार बारीक होणारच. कळलं?" मी मान डोलावतो. मी राउटर बंद-चालू करून हात जोडणारा माणूस.

पासवर्ड मात्र ते कुणालाच सांगत नाहीत. जावई आले तरी त्यांच्या मोबाइलवर स्वतःच टाकून देतात.

परवा माझ्या लेकीची नोकरीसाठी ऑनलाइन मुलाखत होती आणि ऐन वेळी आमच्या राउटरचा लाल दिवा लागला. मी वर धावलो. काका खाली आले, लॅपटॉप स्वतःकडे वळवला, तळहाताआड पासवर्ड टाकला आणि "बोल गं बिनधास्त," म्हणून निघून गेले.

मुलाखत संपल्यावर मी आभार मानायला गेलो. वायफायवर मॅच बघायला त्यांच्याकडे जावई, नातवंडं, सगळे जमलेले. आणि सगळेच्या सगळे बंद टीव्हीसमोर, मोबाइल टीपॉयवर पालथे ठेवून, गप्प बसलेले.

"नीट बोलली ना पोरगी?" काकांनी विचारलं. मग जावयाकडे वळून म्हणाले, "लावा आता. शेवटची ओव्हर तरी मिळेल."