दोन बोटांची जागा

दत्तूआण्णा गेल्याचं मला फलकावरून कळलं. सकाळी बंड्याला फिरवून येत होतो, तर शाहूपुरीत आमच्या कोपऱ्यावर श्रद्धांजलीचा डिजिटल फलक चढत होता. आमच्याकडं या कामात उशीर होत नाही. फोटोत आण्णांच्या डोक्यावर फेटा होता... जो त्यांनी जन्मात दोन मिनिटं ठेवला असेल.

आण्णा म्हशी राखायचे. संध्याकाळी कट्ट्यावर म्हैस उभी करून गिऱ्हाइकासमोर धार काढायची आणि फेसाळ पेला हातात द्यायचा, हा त्यांचा धंदा. मी निवृत्त प्राध्यापक, रोजचं गिऱ्हाईक. तीन वर्षांपूर्वी आमचा बंड्या, एरवी गरीब कुत्रा, एकाएकी बदलला. पलंगाखाली बसून गुरगुरायचा. एकदा पट्टा घालताना माझ्याच हातावर दात विचकले. बायको म्हणाली, हातकणंगल्याला माझ्या भावाच्या मळ्यात सोडून या. मी कुत्र्यांच्या मानसशास्त्रावरची दोन पुस्तकं आणली. आण्णा धार आटोपून आमच्या घरी आले आणि बंड्याकडं न बघता लांब जमिनीवर बसून राहिले.

"कवापास्नं?"

"चार दिवस झाले."

"मान तिरकी धरतंय. चार दिवस काय बघत होतासा, पुस्तक?" मग हळू आवाजात, "जनावर एकाएकी बदललं की आदी कुटं दुखतंय ते बघायचं. सोभाव मागनं."

डॉक्टरांना कानात खोलवर पू सापडला. पंधरा दिवसांत बंड्या पूर्वीसारखा झाला. आण्णांनी पट्टा दोन भोकं सैल केला. "दोन बोटं आत गेली पायजेत की," म्हणाले.

गेल्या गणपतीत मंडळानं आण्णांचा सत्कार ठेवला. शाल, नारळ, अध्यक्षांचं न संपणारं भाषण. फेटेवाल्यानं शेवटचा वेढा आवळला आणि फोटो निघाला, तोच आण्णा ओरडले. त्याचा हात झटकला, फेटा भिरकावला आणि निघून गेले. लाथ मारणाऱ्या म्हशीवरही कधी आवाज न चढवलेला माणूस! आम्ही जागेवर निदान केलं : फलकावर नाव बारीक छापलं, आण्णा रुसले. मानपानावरून रुसणं आमच्या ओळखीचं होतं. मग मोठ्या अक्षरांचा नवा फलक झाला. सत्कारांची आयुष्यभर टिंगल करणाऱ्या मी त्याचा मजकूर लिहिला.

तो घेऊन आम्ही चौघं त्यांच्या घरी गेलो, सोबत बंड्या. आण्णा खिडकी लावून, डोळ्यांवर टॉवेल टाकून पडले होते. "जावा की आता," एवढंच म्हणाले. बंड्या मात्र आत शिरला आणि त्यांच्या उशाशी हनुवटी टेकून बसला. हाक मारली तरी हलेना. "कुत्रं बी समजूत काढाय आलं बघा," कुणीतरी म्हणालं. आम्ही हसलो, आणि मी त्याला ओढून बाहेर आणला.

दोन महिन्यांनी डोक्यातली गाठ सापडली. दवाखान्यात मीही सोबत होतो. डॉक्टरांनी विचारलं, स्वभाव कधीपासून बदलला? आण्णांच्या मुलानं माझ्याकडं पाहिलं.

बंड्याचा पट्टा आजही आण्णांनी लावलेल्या भोकावरच आहे. रोज घालताना मी दोन बोटं आत सरकवून बघतो. परवा बायको कारण नसताना माझ्यावर खेकसली. उत्तर तयार होतं, चांगलं धारदार. पण हातातला पट्टा बाजूला ठेवला आणि विचारलं, "कुठं दुखतंय का गं?"

ती खुर्चीवर टेकली.

"गुडघा," म्हणाली. "महिना झाला."